परतीसाठी अडवलेली जागा

शेवटच्या मोराच्या गळ्यात निळा रंग ओतून वाल्मिकनं फाईल सेव्ह करायला दिली आणि पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकट उभी राहिली. डिस्कवर जागा नाही. खाली एकच बटण होतं. वाल्मिकनं ते दाबलं, पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा चौकट. सकाळपासून रंगवलेला पदर, काठ, बुट्टे, हे सगळं ह्या क्षणी कुठेच ठेवलेलं नव्हतं. वीज गेली तर मोरांसकट जाणार होतं.  त्याला राग आला, आणि रागाच्या मागोमाग त्याची रोजच्या बैठकीतली भावना आली, ती म्हणजे तुच्छता. आधी मोरांबद्दल. शेठला प्रत्येक साडीत मोर हवे असत, तेही पिसारा फुलवून, मान वळवून गिऱ्हाइकाकडे बघणारे. मग शेठबद्दल. मग ती साडी नेसून लग्नाच्या मांडवात मिरवणाऱ्या, त्यानं कधी न पाहिलेल्या बायांबद्दल. जग मूर्ख आहे हे वाल्मिकला फार लवकर कळलं होतं, आणि तेव्हापासून त्याला करमणुकीची ददात नव्हती.

सुरतेबाहेर पलसाण्याच्या हायवेला लागून असलेल्या त्या मिलमध्ये खाली कापड रंगायचं, वाफेत शिजायचं, सुकायचं. लोखंडी जिना चढून वर आलं की काचेची एक खोली होती, तिला सगळे डिझाईन डिपार्टमेंट म्हणत. डिपार्टमेंटमध्ये एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि एक वाल्मिक एवढाच ऐवज. एसी कॉम्प्युटरसाठी लावलेला होता, वाल्मिकला तो आपला वशिल्यानं मिळत होता. जेवण झालं की शेठ त्याच गारव्यात येऊन खुर्चीत मागे रेलायचा आणि डोळे मिटायचा. ह्या शेठला काही टाकवत नसे. जिन्याखाली छपाईच्या, फाटक्या जाळीच्या स्क्रीन एकीवर एक रचलेल्या होत्या, त्यांच्यावर फेंटचे, म्हणजे उरल्यासुरल्या कापडाच्या तुकड्यांचे गठ्ठे, त्यांच्यावर घुशी. दिवाळीनंतर शेठच्या भाच्यानं कुठूनशी सीडी पैदा करून जुन्या विंडोजवर नवी विंडोज चढवली, तेव्हा जाता जाता तो म्हणाला होता की नाही आवडली तर जुनीवर परत जाता येईल, ती मी आत ठेवून दिली आहे. काढून टाकू, जागा खाईल, असं वाल्मिकनं म्हटलं. शेठनं डोळे न उघडता सांगितलं, "रहेवा दे ने भाई, ए क्यां खावानुं मागे छे?" राहू दे, ती कुठे जेवायला मागते आहे. जे जेवायला मागत नाही ते शेठच्या हिशेबी फुकट होतं. वाल्मिक जेवायला मागत असल्यामुळे त्याच्यावर मात्र शेठचं बारीक लक्ष असे.

तर आता वाल्मिकनं मशीनला सगळ्या फायली दाखवायला सांगितलं. एरवी मशीन आपल्या काही फायली माणसापासून लपवून ठेवतं, उगाच कुणी हात लावू नये म्हणून. दाखव म्हटलं की दाखवतं, पण त्यांची चित्रं फिकट असतात, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी. सी ड्राइव्हच्या अगदी दारातच ती बसलेली होती. विनअन्डू. नव्या विंडोजनं घरात शिरताना जुनीला दाबून, घड्या घालून ह्या एका फायलीत कोंबलं होतं. तिच्यापुढचा आकडा वाचून वाल्मिकला हसूच आलं. त्या जागेत मोरांची अख्खी पलटण मावली असती. दिवाळीपासून तो जागा पुरत नाही म्हणून आपली जुनी डिझाईनं फ्लॉप्यांवर काढत होता, फ्लॉप्या दगा देत होत्या, केलेली नक्षी पुन्हा करावी लागत होती, आणि ही इथे पाय पसरून बसली होती, कधीच न येणाऱ्या दिवसाची वाट बघत. परत जाणार होतं कोण? नव्याला उठताबसता शिव्या घालत सगळे नव्यातच राहतात. जुन्याची त्यांना खरी गरज नसते. जुनं आत कुठेतरी आहे एवढ्यानंच त्यांना रात्री झोप लागते, आणि तेवढ्यासाठी शेजारच्या जित्या माणसाला हातपाय आखडून बसावं लागतं.

सुरतेतल्या आपल्या लोकांचं हेच, त्याला वाटलं. दिंडोलीच्या गल्ल्यांतून कुणालाही विचारा, कुठले. लूमवर कानाचे पडदे फाटलेले असतील, केसांत आणि छातीत सुताचा कचरा बसलेला असेल, पोरं घरात गुजराती बोलत असतील, तरी बाप्या सांगणार अमळनेरपुढच्या कुठल्याशा खेड्याचं नाव. मत गावाला, जावळ गावाला, लगीन गावाला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की ह्यांच्या अंगात येतं. गल्लीत टेम्पो लागतात, आणि गावातल्या भाऊबंदांसाठी सुरतेची भेट म्हणून साड्या, चादरी, भांडी भरून निघतात. आखाजीच्या टेम्पोतून गावात उतरलेली वस्तू भेटच असते, तिथे कुणी काही विचारत नाही. गावातले लोक ती भेट घेतात, आणि सुरतवाल्याच्या पाठीमागे त्याच्या बोलण्याची नक्कल करतात. वाल्मिकला ह्या सगळ्याची शिसारी होती. तो म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकला होता आणि पुस्तकातल्यासारखं बोलत होता. गुजराती तर तो गुजरात्यांच्या वरताण बोलायचा. अहिराणी त्याला कळायची, पण तोंडातून काढायचा नाही. आई अहिराणीत विचारायची, तो पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचा, आणि मध्ये जे काही पडत असेल ते पडू द्यायचा.

आणि आईनंही घरात अशीच जागा अडवून ठेवलेली होती. दिंडोलीतली ती एक खोली आणि पुढची स्वयंपाकाची पडवी, त्यात वाल्मिक, त्याची बायको हर्षदा आणि त्याची आई ताराबाई. खोलीच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात हिरव्या फेंटचा पडदा, आणि पडद्यामागे आईचं सामान. पत्र्याची पेटी, दोन गोधड्या, पातेली, ताटं, पेले, तवा, डाळतांदळाचे डबे, घासलेटचा स्टोव्ह, बादली आणि नव्या सुंभाचा जाड दोर. पळायची वेळ आली तर उचलायचं आणि निघायचं. प्लेगच्या साथीपासून ते असंच बांधून ठेवलेलं होतं. वर्षातून दोनदा ती ते सगळं उन्हात काढायची, डाळ बदलायची, भांडी राखेनं घासायची, दोराची गाठ ओढून बघायची आणि पुन्हा तसंच रचायची. गल्लीतल्या बाया हसायच्या. खोलीतली तेवढीच एक जागा उजेडाची आणि भिंतीत विजेचं बटण असलेली, आणि ती वाल्मिकला हवी होती. उधन्यातला एकजण जुनं मशीन द्यायला तयार होता, डिझाईनची कामंही द्यायला तयार होता. मशीन घरात बसलं की शेठ सुटला, मोर सुटले, सकाळी जीपच्या मागच्या फळीवर चार माणसांच्या घामात बसून पलसाण्याला येणं सुटलं. त्याची सगळी पुढची उमर त्या पडद्यामागे अडकून बसली होती. आईला त्यानं सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, "तो कोपरा सोडीसन तुले काय जोयजे ते माग." आणखी काय मागायचं हे त्याला कळलं नाही, कारण तिच्याकडे आणखी काही नव्हतंच.

खरी चीड त्याला दुसऱ्याच गोष्टीची होती. ही बाई पळून जाणार होती कुठे? तर त्याच गावी. मोठ्या बाच्या दारी. वडिलांच्या ह्या थोरल्या भावाला, रामदासला, घरात सगळे मोठा बा म्हणत. साथ आली त्या वर्षी वाल्मिक कॉलेजात होता. गल्लीत कुणी म्हणे उंदीर मेले, कुणी म्हणे माणसं मेली, औषधाच्या दुकानांतून गोळ्या संपल्या आणि लोक तोंडाला रुमाल बांधून जे मिळेल त्यात चढायला लागले. सुकदेव, म्हणजे वाल्मिकचा बाप, लूम चालू ठेवून आल्याची खंत करत ट्रकच्या हौद्यात बसला होता. गावच्या शिवेवरच पोरांनी काठ्या घेऊन ट्रक अडवला. रामदास तोंडावर उपरणं धरून लांब उभा राहिला आणि म्हणाला, गावात नको, मळ्यातल्या खळ्यावर जा. खळ्यावर एक छप्पर होतं आणि पलीकडे विहीर. विहिरीत पाणी होतं, पण काढायला दोर नव्हता, बादली नव्हती. पळताना कुणाला सुचणार? हातात कपड्यांच्या पिशव्या तेवढ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सुकदेवला हिवतापानं धरलं, साधा हिवताप, दरवर्षी यायचा तोच, आणि गावानं ठरवलं की सुरतवाला आता मेलाच. घसा सुकलेला तो माणूस तापात चालत रामदासच्या अंगणापर्यंत गेला. वाल्मिक आणि आई मागे होते. ओट्यावरून रामदास ओरडला, "तठेच थांब." मग सुकदेवनं तिथेच अंगणात गुडघे टेकले, आणि भावाच्या पायांना हात लावायची सोय नव्हती म्हणून मातीत कपाळ टेकलं, विहिरीच्या दोरासाठी. रामदासनं दोर आणि बादली लांबून फेकली. "वापरीसन जाळी टाक," तो म्हणाला, "परत आनू नको." त्या वेळी वाल्मिकला रामदासचा राग आला नाही. त्याला बापाच्या कपाळाची घाण वाटली, त्यावर चिकटलेल्या मातीची, आणि तो माणूस उठून कपाळ न पुसताच चालू लागला ह्याची. सुकदेव त्या तापातून उठला आणि पुढे तीन वर्षांनी सुरतेतच छातीच्या दुखण्यानं गेला, पण वाल्मिकच्या डोळ्यांपुढे बाप म्हटलं की अजून तेच कपाळ यायचं.

त्या दिवशी विहिरीवर पाणी शेंदताना आई म्हणाली होती, "आते जीव से तवलोंग ह्या मानूसना दारमा मी हात पसरनार नही." पसरला नाही, हेही खरं. बापाच्या दहाव्यालाही तिनं रामदासला सांगावा धाडला नाही. आणि तरी तिनं बांधून ठेवलेलं सामान त्याच गावी जायचं होतं! वाल्मिकला ह्यातली गंमत फार आवडायची. अपमान झाला तिथलीच वाट मोकळी राहावी म्हणून जित्या पोराची जागा अडवायची. त्याच्या लेखी हा आपल्या लोकांच्या शहाणपणाचा कळस होता.

तो पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वळला. अशी फाईल नुसती उचलून फेकता येते, पण मशीनची तशी रीत नाही. प्रोग्राम काढायच्या यादीत तिच्यासाठी वेगळी ओळ असते. ती ओळ धरून बटण दाबलं की मशीन बजावतं, ही पुसली की आधीच्या विंडोजवर परत जाता येणार नाही, नक्की पुसायची का. किती अदबीनं विचारतं, जसं काही दारात उभं राहून वहाणा काढतं आहे. वाल्मिकचं बोट क्षणभर थांबलं. कसली भीती वाटली ते त्याला सांगता आलं नसतं. जुन्या विंडोजचं निळंहिरवं मैदान त्याला कधी प्रिय नव्हतं, भाच्याच्या कृपेचीही गरज नव्हती. तरी छातीत काहीतरी आखडलं. ह्या आखडण्याचीच त्याला लाज वाटली. हेच ते, तो मनात म्हणाला, हेच दिंडोलीभर पसरलेलं आहे, आणि माझ्यातही आहे. त्यानं हो दाबलं. डिस्कचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि थांबला. त्यानं मोरांची फाईल सेव्ह केली. एका दमात झाली. मशीन तसंच चालत राहिलं, एसी तसाच घुमत राहिला, खालून रंगाचा आंबट वास तसाच येत राहिला. काहीच झालं नाही. जेवून शेठ वर आला, खुर्चीत बसला, पडदा बघून म्हणाला, "मोर जरा मोटो कर," आणि डोळे मिटले. इतकी वर्षं जे बोट उचलायला लोक घाबरतात त्यात एवढंच असतं, हे कळून वाल्मिकला विलक्षण हलकं वाटलं. हलकेपणाबरोबर त्याला थोडी मस्तीही चढली.

दुसऱ्या दिवशी मिलला आठवड्याची सुट्टी होती. आखाजी तोंडावर आलेली, ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. गल्लीच्या तोंडाशी भिकनचा टेम्पो लागला होता. भिकन गावाकडचाच, नात्यानं चुलतचुलत भाऊ, दरवर्षी आखाजीला गल्लीतलं सामान गावी पोचवायचा. आई सकाळीच पलीकडच्या गल्लीत पापड लाटायला गेली होती. उन्हाळ्यात बाया पाळीपाळीनं एकमेकींच्या दारी बसून वर्षाचे पापड करत, आणि त्या बैठकीतून ती दुपारपर्यंत उठायची नाही. वाल्मिकनं हिरवा पडदा बाजूला सारला. हर्षदा पडवीत भाजी चिरत होती. ती विळी आडवी करून उभी राहिली.

"अहो, आईंना विचारलंय का?"

"विचारून काय होणार? नाही म्हणेल."

"मग त्या नाही म्हणताहेत ना."

"तुला कळत नाही," वाल्मिक म्हणाला. "काढून टाकलं की दोन दिवसांत विसरतात. काही होत नाही. मी बघितलंय."

कुठे बघितलंय ते हर्षदानं विचारलं नाही. तिनं एवढंच म्हटलं, "मी हात लावणार नाही," आणि पुन्हा विळीवर बसली. तिचाही वाल्मिकला तिरस्कार वाटला, सासूच्या भीतीला मान म्हणणाऱ्या बायकांचा वाटतो तसा. त्यानं पेटी ओढली. गोधड्या काढल्या, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता. भांडी इतकी लखलखीत घासलेली की त्यात त्याचा चेहरा वाकडातिकडा दिसला. बादली उचलली तेव्हा आतला दोर हाताला लागला, कधी न भिजलेला, खरखरीत. तो क्षणभर त्या दोराकडे बघत राहिला. गावाला निघालेलं माणूस विहिरीचा दोर घेऊन निघतं! ही बाई अजून त्याच दिवसात बसली आहे, त्याच्या मनात आलं, आणि त्याला हसू आलं. त्यानं दोर बादलीत परत कोंबला आणि बादली टेम्पोत नेऊन ठेवली.

भिकन ताडपत्री बांधत होता. "हाई कोना घर देवानं, भाऊ?"

गावात त्यांचं स्वतःचं घर नव्हतं, वाटणीची एक पडीक खोली होती तीही रामदासच्या वाड्याला लागून. वाल्मिकनं फारसा विचार केला नाही. "मोठ्या बाकडे टाक," तो म्हणाला. "तिथेच जायचं होतं ते."

"काकूनी धाडं म्हनीसन सांगू ना?"

"सांग," वाल्मिक म्हणाला, आणि खोलीत येऊन फडक्यानं कोपरा पुसू लागला. फरशीवर पेटीच्या गंजाचा चौकोन उमटलेला होता, तो काही निघाला नाही. मशीन ठेवलं की झाकलं जाईल असं त्यानं ठरवलं.

आई दुपारी आली. हाताला पापडखाराचा वास, पदराला पीठ. दारातूनच तिला कोपरा दिसला. तिनं चपला काढल्या, आत आली, खिडकीपर्यंत गेली आणि रिकाम्या जागेवर उभी राहिली. "कोठे से?" तिनं विचारलं.

"गावी पाठवलं. भिकनच्या टेम्पोत. मोठ्या बाच्या घरी." आवाज चढेल अशी तयारी करून तो भिंतीला टेकून उभा होता. "शेवटी तिकडेच न्यायचं होतं ना तुला? मग आधीच पोचलं. वेळ आली तर तिथे सापडेल."

"भिकन गया?"

"मघाशीच."

तिनं हर्षदाकडे बघितलं, हर्षदानं खाली बघितलं. मग आई म्हणाली, "बरं," आणि हात धुवायला गेली. एवढंच. वाल्मिकनं मनातल्या मनात जुळवलेली सगळी वाक्यं तशीच राहिली, थोडा हिरमोडच झाला. पुढचे दिवस ती नेहमीसारखी उठली, नेहमीसारखी भाकरी केली, फक्त जेवताना खिडकीकडे पाठ करून बसू लागली. वाल्मिकला वाटलं, बघा, पुसलं की संपलं. इतकी वर्षं ह्या गाठोड्यापुढे आपण हात जोडून बसलो, आणि त्यात काय होतं? उधन्याच्या माणसाला त्यानं निरोप दिला की जागा झाली, मशीन द्यायला हरकत नाही. जीपमध्ये बसल्या बसल्या तो आता माणसांकडे बघून मनाशी ठरवायचा, ह्याच्यातलं काय काय पुसता येईल. हा खेळ त्याला मोरांपेक्षा बरा वाटायचा.

आखाजी करून भिकन परतला तो थेट घरीच आला, मांडीवर एक कागदी पुडकं घेऊन. आईनं त्याला पाणी दिलं. तो हसत होता, चांगली बातमी आणलेल्या माणसासारखा. "काकू, मोठा बा ते रडनाच," तो म्हणाला. "म्हने, तारानी राग सोडी दिधा. गावभर सांगी ऱ्हायना, सुकदेवनी बाईनी आखाजीनी भेट धाडी, सगळा संसारच धाडा. गोधड्या ते पाव्हनासले टाक्यात. भांडा लगीनमा कामे येतीन म्हने." पुडक्यात लुगडं होतं, लाल काठाचं, घडी न मोडलेलं. "हाई तुम्हनासाठे धाडं. आन पुढला महिनामा धाकली पोरनं लगीन से. म्हने, तारानी पहिले यावं, मानपान तिनाच."

वाल्मिक आपल्या मशीनसाठी टेबल मापत होता, तो मोजपट्टी तशीच हातात धरून थांबला.

"दोर बी दिधा?" आईनं विचारलं.

"दोर ते त्यास्नी पहिले उचला. मळानी विहिरले लावा. नवाकोरा दोर, म्हने, सुरतना." भिकन थांबला, एकदा वाल्मिककडे, एकदा आईकडे बघून त्यानं आवाज उतरवला. "काकू, तुम्हीच धाडं ना? रस्तामा मना मनमा उनं, काकूले ठाऊक से का नही."

 वाल्मिकला कळलं, आता ती खरं सांगणार. माझ्या पोरानं चोरून धाडलं, परत आन, असं ती म्हणाली की भिकन पुढच्या फेरीत सगळं परत आणील, रामदासची भेट गळून पडेल, तिचा शब्द शाबूत राहील. आणि गावात, गल्लीत, प्रत्येक पापडाच्या बैठकीत सुकदेवच्या पोराचं नाव निघेल, आईची पेटी तिच्या पाठीमागे घराबाहेर काढणारा म्हणून. आईनं त्याच्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "हां," ती भिकनला म्हणाली, "मीच धाडं. वाल्मिकले मीच सांगं व्हतं." तिनं लुगडं मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवला, जसं घेणाऱ्यानं फिरवावं तसा. "जेठसले सांग, लगीनले येस."

भिकन चहा पिऊन गेला. वाल्मिकच्या मनात आधी सवयीनं तुच्छताच आली, की हिचा पीळ एवढाच होता, एका लुगड्यात उलगडला. पण ती फार वेळ टिकली नाही. आई गावाकडे परतायची वाट राखत होती असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. त्या गावाकडून तिला काहीच नको होतं. पेला नको, गोधडी नको, विहिरीचा दोरही नको, एवढ्याचसाठी ती ते सगळं स्वतःचं बांधून बसली होती. पुन्हा पळायची वेळ आली तर त्या खळ्यावर जाऊन, रामदासच्या दाराकडे ढुंकून न बघता, आपल्या दोरानं पाणी काढून प्यायचं. तिची तुच्छता घासून लख्ख ठेवलेली होती आणि तिनं तिचा कधी बोभाटा केला नव्हता. त्याची आपली जीपमध्ये बसून वटवट करणारी. त्याला शरम वाटली, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तिची भाषा निघाली, तीही मोडकी.

"माय, मी तुले नवा दोर लई देस."

"दोर बजारमा मियस," आई म्हणाली. "तुन्हा बाप त्या दारमा पडना तो दोरसाठे. आते माले हासत जानं पडी. हाई लुगडं नेसीसन."

तिनं लुगड्याची घडी पुन्हा नीट केली, उठली, आणि ठेवायला जागा शोधत खोलीभर एकदा नजर फिरवली. मग ते खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात, गंजाच्या चौकोनावर ठेवलं.

"आन आते तुन्हं मशीन," ती म्हणाली. "जागा ते व्हई गई."